चेकरची सही नसलेलं ड्रॉइंग

१२ जानेवारी

प्रकल्प क्र. ०००. विषय: नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू करणे. डिझायनर: मी. चेकर: नाही. रिव्हिजन: ०.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं रिव्हिजनचं, म्हणजे दुरुस्त्यांचं, कोष्टक भरण्यात अकरा वर्षं गेली, म्हणून ह्याचीही नोंद ठेवायची ठरवली. (चेकर म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढणारा.) मी जिग-फिक्स्चर डिझाइन करते, म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरून ठेवणारी साधनं. (शॉपवर 'जॉब' म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा. नोकरीला मी नोकरीच म्हणणार आहे, नाहीतर पुढे वाचताना माझाच घोळ होईल.)

आज नेमणूकपत्र शोधून वाचलं. अकरा वर्षांपूर्वी सही केली तेव्हा पगाराचा आकडा सोडून काही वाचलं नव्हतं हे उघड आहे. तीन कलमं कामाची निघाली. नोटीस दोन महिन्यांची. नोकरीत असताना केलेलं प्रत्येक डिझाइन कंपनीचं, घरी बसून केलेलंसुद्धा. आणि सोडल्यावर एक वर्ष कंपनीच्या ग्राहकांकडे आपणहून काम मागायला जायचं नाही. म्हणजे ज्यांना माझं काम माहीत आहे त्यांच्या दारात मी जाऊ शकत नाही, आणि जाऊ शकते त्यांना मी माहीत नाही. राजीनाम्यानंतर वाचलं असतं तर जड गेलं असतं.

घरखर्चाचे पैसे आकड्यात न मोजता महिन्यांत मोजले. आहेत ते नऊ महिने पुरतील. आजारपणाचे दोन महिने बाजूला काढले, हात लावायचा नाही. उरले सात.

२८ जानेवारी

दर काढला. चार संध्याकाळी गेल्या, कारण पहिल्या तिन्ही वेळा उत्तर चुकलं.

पहिली चूक सगळेच करतात: महिन्याचा पगार भागिले कामाचे दिवस, झाला रोजचा दर. हा हिशेब नोकरदाराचा. नोकरीत बसून राहिलेल्या दिवसाचाही पगार मिळतो. स्वतःच्या कामात बसून राहिलेला दिवस काम केलेल्या दिवसानेच सोसायचा असतो.

चौथ्यांदा असा केला. ५२ आठवडे गुणिले ५, म्हणजे २६० दिवस. सुट्ट्या, ताप-खोकला, घरचं काही, असे ४० वजा, राहिले २२०. त्यातल्या प्रत्येक दिवसाचं बिल लागणार नाही. कोटेशन, भेटी, वसुली, शिकणं ह्यातही दिवस जाणार. ६० टक्के धरले: १३२ दिवस. आता दुसरी बाजू. महिन्याचा पगार १ धरला तर वर्षाला १२. सॉफ्टवेअरचा परवाना, कॉम्प्युटर, विमा, म्हातारपणची तजवीज आणि बुडीत मिळून आणखी ३. एकूण १५ भागिले १३२ म्हणजे ०.११४. नोकरीतला रोज १२ भागिले २६० म्हणजे ०.०४६. जवळजवळ अडीचपट.

हा आकडा बघून माझाच धीर सुटला. एवढे कोण देणार? पण तीनदा तपासलं, भागाकार बरोबर आहे. ६० टक्के हा मात्र अंदाज आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा बघायचा.

१ फेब्रुवारी

राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "मॅडम, कुठे चाललात ते तरी सांगा."

"कुठे नाही, घरीच."

त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना वाटलं, घरी काही झालंय.

२० फेब्रुवारी

नोटीस चालू आहे. नवं काम देत नाहीत, त्यामुळे जुनं नीट बघायला वेळ आहे. एक उद्योग केला: गेल्या वर्षीचं माझंच एक ड्रॉइंग घेतलं आणि ते माझ्या डोक्यापासून मशीनपर्यंत जाईस्तोवर किती जणांचे हात लागले ते लिहून काढलं.

मार्केटिंगने ऑर्डर आणली. प्लॅनिंगने तारीख दिली. ग्राहकाचं मॉडेल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात कोणीतरी आणून ठेवलं. टेम्प्लेट आधीपासून होतं, टायटल ब्लॉकसकट (कोपऱ्यातली माहितीची चौकट). स्टँडर्ड पार्टची लायब्ररी होती. मी डिझाइन केलं. चेकरनी तपासलं. मॅनेजरनी सही केली. खरेदी विभागाने स्टीलचा भाव काढून सांगितलं की ही जाडी मिळत नाही, पुढची घ्या. टूलरूमने, म्हणजे फिक्स्चर प्रत्यक्ष बनवणाऱ्यांनी, फोन करून एक माप विचारलं. अकाउंट्सने बिल लावलं आणि पैसे मागितले. परवाना संपत आला तेव्हा आयटीने नवा घेतला.

बारा ओळी. त्यातली एक माझी.

हे लिहिताना कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरला पाठ केलेलं एक नाव आठवलं. रोनाल्ड कोस ह्यांनी १९३७ साली अगदी साधा प्रश्न विचारला होता: बाजारात प्रत्येक गोष्ट विकत मिळत असेल, तर कंपन्या असतातच कशाला? उत्तर असं की बाजारातून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव करा, करार करा, काम झालं की नाही ते बघा. हा खर्च पगारी माणूस ठेवण्याच्या खर्चाहून जड झाला की कंपनी उभी राहते. १९९१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षेत मी हे कंपनीच्या बाजूने लिहिलं होतं. आता उलट्या बाजूने वाचतेय: कंपनीने वाचवलेला तो सगळा खर्च पहिल्या एप्रिलपासून माझ्या टेबलावर येणार.

३१ मार्च

शेवटचा दिवस. लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाची किल्ली दिली. लायब्ररीतल्या फायली घेतल्या नाहीत. एका सहकाऱ्याने पेनड्राइव्ह पुढे केला होता, "सगळेच नेतात" म्हणून. मोह झाला, खोटं कशाला बोलू. क्लॅम्प, लोकेटर (जॉबची जागा ठरवणारे टेकू), बुश (भोकात बसवायच्या नळ्या), सगळं तयार मॉडेल केलेलं. त्यातलं निम्मं मीच केलेलं. पण १२ जानेवारीची नोंद आठवली: ते माझं नाही.

आमचे चेकर सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना फोन केला. म्हणाले, "चांगलं केलंस. आता चुका कोण काढणार तुझ्या?" मी हसले.

९ एप्रिल

काम नाही. पण रिकामी नाही. टेम्प्लेट केलं: कागदाचे आकार, टायटल ब्लॉक, रेषांच्या जाड्या, ज्या मापांना टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) दिलेला नाही त्यांना तो कुठल्या मानकाप्रमाणे ते. छान दिसतंय. कंपनीच्या टेम्प्लेटपेक्षा बरंच सुटसुटीत.

लायब्ररी पहिल्यापासून. नव्वद पार्ट झाले. क्लॅम्प बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपली मॉडेल्स फुकट देतात हे अकरा वर्षांत कळलं नव्हतं. कुणीतरी उतरवून ठेवत होतं ना.

२१ एप्रिल

पहिलं काम, प्रकल्प ००१. एका छोट्या कारखान्याला ॲल्युमिनियम कास्टिंगच्या ब्रॅकेटसाठी मिलिंगचं फिक्स्चर हवंय. ओळखीच्या ओळखीने आले. माझा अंदाज १८ तास. तेवढ्याचंच ठोक कोटेशन दिलं. दर सांगताना आवाज बारीक झाला होता. ते लगेच "चालेल" म्हणाले. आता वाटतंय कमी सांगितला.

१३ मे

००१ दिलं. लागलेले तास: ३१.

तेरा तास कुठे गेले ते शोधलं. डिझाइन म्हणावं तर सोपं आहे. जॉब खालून तीन ठिकाणी टेकवा, बाजूला दोन, टोकाला एक. सहा टेकू झाले की जॉब एकाच जागी बसतो. सातवा दिला की डुगडुगतो. हे ३-२-१ चं तत्त्व पहिल्या वर्षी शिकवतात. कास्टिंग मात्र शिकवल्यासारखं येत नाही. त्यांनी पाठवलेल्या पाच नमुन्यांत टेकूच्या जागेवरच ओतकामातला उंचवटा होता, प्रत्येकात वेगळा. दोन टेकू हलवावे लागले. तिथे सहा तास. पुढचे पाच "थोडंसंच आहे हो" ह्या वाक्यात गेले: क्लॅम्प डावीकडून उजवीकडे, मग हायड्रॉलिक करता येईल का, मग नको, आधीचाच बरा. उरलेले दोन स्टेप फाइल की मूळ फाइल ह्या वादात. स्टेप फाइल डिझाइनच्या जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण मी मॉडेल कसं उभं केलं तो क्रम तिच्यात नसतो, फक्त शेवटचा आकार असतो. मूळ फाइल दिली की पुढचे बदल ते स्वतः करू शकतात. ती किमतीत धरली होती का? मी काहीच धरलं नव्हतं. ठरवलंच नव्हतं.

अंदाज चुकण्यात मी एकटी नाही. डॅनियल काहनेमान आणि एमोस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच ह्या खोडीला नाव दिलं होतं, 'प्लॅनिंग फॅलसी'. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस ह्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे 'सगळंच बिघडलं' म्हणून धरलेला आकडासुद्धा कमी पडला. त्यांची चूक १.६४ पट, माझी १.७२ पट. मी विद्यार्थी नाही, अकरा वर्षं हेच करतेय. पण नोकरीत माझ्या अंदाजावर प्लॅनिंगवाला गुपचूप स्वतःचे दिवस चढवत असणार. त्याला मी तेव्हा 'ढिला' म्हणायचे.

पुढच्या कोटेशनसाठी: (१) अंदाज गुणिले १.७. (२) दोन फेऱ्यांचे बदल किमतीत, तिसऱ्या फेरीपासून तासावर. (३) काय देणार ते नावानिशी: पीडीएफ आणि स्टेप. मूळ फाइल हवी तर वेगळी किंमत. (४) चाळीस टक्के आधी. ते आल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करायचा नाही.

चौथं लिहिताना हात अडखळला. पैसे आधी मागणं म्हणजे विश्वास नाही असं वाटतं. पण खरं तर आधी पैसे देणाऱ्याचंच काम ठरलेलं असतं. न देणाऱ्याचं अजून 'बघू' असतं.

२ जुलै

००४ चं बिल पाठवलं. ही पार्टी मोठी, ॲडव्हान्स देत नाही. अट: महिनाअखेरीपासून ४५ दिवस. कोटेशनच्या वेळी मला '४५' तेवढं दिसलं. आज मोजलं. महिनाअखेर ३१ जुलै, त्यापुढे ४५ दिवस म्हणजे १४ सप्टेंबर. आजपासून ७४ दिवस. दोनच दिवस आधी बिल दिलं असतं तर १४ ऑगस्टला पैसे आले असते. दोन दिवस मी ड्रॉइंगच्या रेषा सारख्या करण्यात घालवले. जगातल्या सगळ्यात महाग रेषा.

२४ जुलै

चार दिवस ताप. नोंद एवढीच: बिल शून्य, फोन सहा, सहाही जणांना "काही नाही, आवाज बसलाय".

११ ऑगस्ट

चूक झाली. मोठी. सविस्तर लिहिते, कारण ह्या वहीत हे नसेल तर वही कशाला.

प्रकल्प ००६. परदेशातली पार्टी, फिक्स्चर त्यांच्याच टूलरूममध्ये बनणार. त्यात एक लोकेटिंग ब्लॉक होता, हार्डन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) स्टीलचा, डाव्या अंगाला एक उथळ खाच असलेला. मी समोरचं दृश्य काढलं आणि डाव्या अंगाचं दृश्य त्याच्या उजवीकडे मांडलं, फर्स्ट अँगलच्या पद्धतीप्रमाणे. इथे मला दुसरं काही सुचणारच नाही, शाळेपासून हेच. युरोपातही हीच पद्धत. अमेरिकेत मात्र थर्ड अँगल: जे दृश्य उजवीकडे मांडलं ते उजव्या अंगाचं. त्यांच्या माणसाने तसंच वाचलं. खाच उजव्या अंगाला कापली, ब्लॉक हार्डन करून आणला, बसवायला घेतला, बसेना.

कुठली पद्धत आहे ते सांगणारी खूण असते, कापलेल्या शंकूच्या दोन दृश्यांची. टायटल ब्लॉकमध्ये छापलेली असते. कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये ती होती. अकरा वर्षांत मी तिच्याकडे एकदाही बघितलं नसेल. एप्रिलमध्ये मी माझं 'सुटसुटीत' टेम्प्लेट केलं, त्यात ती नाही.

एवढ्यावरही भागलं असतं. समोरून न दिसणारी खाच समोरच्या दृश्यात तुटक रेषांनी डाव्या कडेला दिसली असती आणि वाचणाऱ्याला शंका आली असती. पण तुटक रेषा मीच बंद केल्या होत्या. ड्रॉइंग स्वच्छ दिसावं म्हणून. स्टेप फाइल बरोबर होती, पण टूलरूममधल्या माणसाच्या हातात कागद असतो.

त्यांचं म्हणणं, खूण नव्हती. माझं म्हणणं काहीच नव्हतं, कारण खूण नव्हतीच. नवा ब्लॉक, त्याचं स्टील, मशिनिंग, हार्डनिंग सगळं माझ्याकडून. त्यांचे नऊ दिवस गेले. त्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. कारण माझ्या करारात जबाबदारीची मर्यादा लिहिलेलीच नव्हती. मागितले असते तर आजारपणाचे दोन महिने गेले असते.

रात्री झोप नाही. पैशांपेक्षा एक वाक्य डोक्यात फिरत होतं: आता चुका कोण काढणार तुझ्या?

१४ ऑगस्ट

टेम्प्लेट, रिव्हिजन १: खूण घातली. चांगली ठळक. करारात ओळ घातली: माझी जबाबदारी त्या कामाच्या बिलाच्या रकमेपुरती.

आणि सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अगं, ती खूण मी दर शीटवर पिवळी करायचो. तुला वाटायचं म्हातारा उगाच रंगवतोय."

वाटायचं, खरंच.

त्यांची पद्धत इथे लिहून ठेवते. कागदावर प्रिंट काढायचा, पडद्यावर तपासायचं नाही. बरोबर असलेलं प्रत्येक माप पिवळ्याने रंगवायचं, चुकलेलं लालने. कागदावर बिनरंगाचं काही उरता कामा नये. पिवळा रंग बरोबर आहे हे सांगायला नसतो, मी इथे बघितलंय हे सांगायला असतो. नजर चूक शोधत फिरली की ओळखीच्या जागा सोडून जाते, आणि खूण म्हणजे सगळ्यात ओळखीची जागा.

मी विचारलं, "सर, माझी शीट तपासाल? शीटप्रमाणे पैसे देईन."

"पैसे कशाला?"

"मग नको."

पुन्हा गप्प. मग आकडा सांगितला. माझ्या मनातल्यापेक्षा जास्त होता. मी हो म्हटलं. फुकट तपासणारा माणूस घाईच्या दिवशी 'उद्या बघतो' म्हणतो आणि त्याला काही म्हणता येत नाही.

६ सप्टेंबर

सरांकडून पहिला गठ्ठा आला. अकरा शीट, चोवीस लाल खुणा. वीस किरकोळ. दोन अशी मापं की टूलरूमला वजाबाकी करावी लागली असती. एका डोवेलच्या (दोन भाग जागेवर धरणाऱ्या पिनच्या) भोकावर एच७ लिहायचं राहिलं होतं. १० मिलिमीटरच्या भोकाला एच७ म्हणजे वर १५ मायक्रॉन, खाली शून्य. ते नसेल तर टूलरूम नेहमीच्या ड्रिलने भोक पाडणार आणि पिन सैल बसणार. आणि एकीवर माप नाही, नुसता प्रश्न: "हा क्लॅम्प सोडताना हात कुठून घालायचा?"

क्लॅम्प आणि बाजूच्या भिंतीत २२ मिलिमीटर जागा होती. पडद्यावर हात नसतो.

शीटमागे सरांचे पैसे मी कोटेशनमध्ये 'तपासणी' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायला लागले. वाटलं होतं, पार्टी ती ओळ कापायला सांगेल. एकाने उलट विचारलं, "आमची जुनी ड्रॉइंगं पण तपासून मिळतील का?"

१४ सप्टेंबर

७४ वा दिवस. पैसे नाहीत.

१९ सप्टेंबर

तीन फोननंतर कळलं: बिलावर पीओ (खरेदी-ऑर्डर) नंबर नव्हता, म्हणून ते 'होल्ड'वर होतं. जुलैपासून. सांगितलं का नाही? "मॅडम, तुम्ही विचारलं नाहीत." बिल पुन्हा पाठवलं. नवी तारीख म्हणजे नवे ४५ दिवस असं त्यांच्या सिस्टीमचं म्हणणं. अकाउंट्समधल्या बाईंनी जुनीच तारीख धरून दिली. त्यांचं नाव इथे लिहायला हवं होतं, पण लिहीत नाही.

बिलालाही चेकर लागतो. यादी केली: पीओ नंबर, पीओवरचंच वर्णन शब्दाला शब्द, खातं, आणि पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, "मिळालं का" नाही तर "पास झालं का".

पैसे आले की त्यातले तीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात, करासाठी. नोकरीत कर कापूनच पगार हातात येत होता, त्यामुळे तो आपला कधी नव्हताच. आता तो आधी आपला होतो आणि मग जातो. हे फार वाईट लागतं.

३० ऑक्टोबर

जुन्या कंपनीच्या एका ग्राहकाचा फोन, आपणहून. नेमणूकपत्र पुन्हा काढलं. 'मागायला जायचं नाही' असं आहे, 'आले तर घ्यायचं नाही' असं नाही. तरी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "घ्या घ्या. आमच्याकडे तुमच्या जागी अजून कोणी आलं नाही, तोवर आमचंच एखादं करता का?"

एक केलं. माझ्या दराने. जुन्या टेम्प्लेटवर काम करताना पहिल्यांदा ती खूण दिसली. कोपऱ्यात, केवढीशी.

२९ डिसेंबर

नऊ महिन्यांचे तास जमवले. एकूण १४८०. डिझाइन ७९०. कोटेशन आणि भेटी २६०. टेम्प्लेट, लायब्ररी, सॉफ्टवेअर २१५. स्वतःची तपासणी आणि सरांच्या लाल खुणा दुरुस्त करणं १२०. बिलं आणि वसुली ९५.

बिल लागलेले फक्त डिझाइनचे धरले तर ५३ टक्के. जानेवारीत ६० धरले होते. तोच भागाकार पुन्हा: २२० च्या ५३ टक्के म्हणजे ११७ दिवस, आणि दर अडीचपट नाही, जवळजवळ पावणेतीनपट हवा. नव्या वर्षापासून वाढवते. लायब्ररीचे २१५ पुढच्या वर्षी कमी होतील हे खरं, पण ते कमी झाल्यावर बघू. अंदाजाचा आणि माझा संबंध १३ मे रोजी कळलेला आहे.

दुसरा आकडा जास्त बोचतो. ह्या वर्षीच्या उत्पन्नातले ६८ टक्के एकाच पार्टीकडून. तीच ती, महिनाअखेरीपासून ४५ दिवसांची. आणि आज सकाळी तिथल्या प्लँट हेडचा फोन: "आमच्याकडेच का येत नाही? डिझाइन विभाग उभा करायचाय. पगार तुम्ही सांगा."

मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि खरंच केला. पगाराचा नाही, पगार चांगलाच देतील. मोह दुसऱ्याच गोष्टीचा: खरेदी विभाग, प्लॅनिंगवाला, आयटी, सगळे पुन्हा माझ्या आसपास. सकाळी जायचं, आपली एक ओळ करायची, बाकीच्या अकरा कोणीतरी करेल. पूर्वी त्या अकरा ओळी मला दिसत नव्हत्या म्हणून सोडता आल्या. आता दिसतात.

घरी विचारलं. नवरा म्हणाला, "तुला जायचंय का?" मुलगी म्हणाली, "मग पुन्हा रात्री उशिरा येणार?" दोन्ही प्रश्न लिहून ठेवले. उत्तर एकाचंच ठाऊक होतं, मुलीच्या.

२ जानेवारी

प्लँट हेडना उत्तर दिलं. विभाग उभा करायला येते, पण नोकर म्हणून नाही. आठवड्याचे दोन दिवस, सहा महिने, तिथल्या मुलांना तपासणी शिकवायची. पैसे बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत, चाळीस टक्के आधी. दोन दिवस म्हणजे माझ्या वर्षाचा त्यांच्याकडचा वाटाही कमी होईल, कारण त्यांचं सुटं डिझाइनचं काम मग ती मुलंच करणार. हे त्यांना सांगितलं नाही, त्यांच्या लक्षात येईल.

ते म्हणाले, "दोन दिवसांत काय होणार?"

"तपासणीचं टेबल मांडून होईल."

"ॲडव्हान्सचं आमच्याकडे बसत नाही."

"मग तीस."

उद्या सांगतो म्हणाले. नाही म्हणाले तर ६८ टक्के जाऊ शकतात. बाजूला काढलेले दोन महिने अजून तसेच आहेत, शिवाय खात्यात साडेचार महिने. गेल्या जानेवारीपेक्षा अडीच महिने कमी.

सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "शिकवायला मला ने एखाद्या दिवशी. पैसे वेगळे."

३ जानेवारी

फोन नाही आला. ०१७ ची नऊ शीट प्रिंट केली. पहिल्या शीटवर पिवळ्याने सुरुवात केली, कोपऱ्यातल्या खुणेपासून. पाचव्या शीटवर लाल पेन लागलं: बुशची लांबी प्लेटच्या जाडीपेक्षा जास्त. दुपारी सरांकडे पाठवायचीत, त्याआधी ती नीट करते.